ताइताची गोष्ट लिहिणारी एडिथ

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोरांना वाचायला काय द्यायचं? त्यातही पाचवी ते आठवीच्या मुलांचं मोठं अवघड असतं. राजा-राणीच्या गोष्टी त्यांना बाळबोध वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत. मोबाइल तेवढा झेपतो! अशा वयाच्या मुलांसाठी मी आज एक पुस्तक सुचवणार आहे. पण आधी ते लिहिणाऱ्या बाईची ओळख करून देते. तिचं आयुष्य कळलं की पुस्तक निराळंच दिसायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

पुस्तकाचं नाव 'द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट', म्हणजे ताइताची गोष्ट. इंग्लंडमध्ये ते १९०६ साली छापलं गेलं. लेखिका एडिथ नेस्बिट. तिचं 'द रेल्वे चिल्ड्रन' हे पुस्तक याच वर्षी आलं आणि ते जास्त गाजलं. १९७० साली त्यावर सिनेमाही निघाला. पण माझ्या मनात घर केलं ते ताइतानंच. चार भावंडं एका अर्ध्या ताइताच्या जोरावर हजारो वर्षं मागे जातात, तिथली माणसं पाहतात आणि घरी परत येतात, अशी ही गोष्ट आहे.

काळ ओलांडून जाणं ही कल्पना आपल्याला काही परकी नाही. राजा ककुद्मी आपल्या रेवतीला घेऊन, हिला योग्य वर कोणता हे विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला. तिथं गाणं चाललेलं होतं म्हणून थोडा वेळ थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर युगंच्या युगं उलटली आणि शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. ही पुराणातली गोष्ट तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आजीकडून ऐकली असेल. अलीकडचं सांगायचं तर डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. त्यात इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. एडिथनं केलं ते असं, की ऋषी, राजे, प्राध्यापक यांना बाजूला सारून तिनं घरातल्या साध्या, भांडकुदळ, भूक लागली की कुरकुर करणाऱ्या मुलांना भूतकाळात पाठवलं. इंग्रजी बालसाहित्यात ही वाट पाडणाऱ्यांत तिचं नाव सगळ्यांत आधी घेतात.

आता तिच्या आयुष्याकडे वळू.

एडिथचा जन्म लंडनचा, १५ ऑगस्ट १८५८ चा. आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख, म्हणून लक्षात ठेवायला सोपी! वडील जॉन नेस्बिट शेतीचे रसायनशास्त्रज्ञ होते. माती तपासणं, खतं तपासणं हे त्यांचं काम, आणि शेती शिकवणारं एक कॉलेज ते चालवत. एडिथ चार वर्षांचीही नव्हती तेव्हा ते वारले. आईनं, सारानं, काही काळ ते कॉलेज स्वतः चालवलं. दीडशे वर्षांपूर्वी एका विधवेनं शेतकी कॉलेजचा कारभार पाहायचा, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण पुढं थोरल्या मुलीला, मेरीला, क्षय झाला. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, हवापालट एवढाच उपाय. आई मुलींना घेऊन फ्रान्स, स्पेन, जर्मनी फिरत राहिली. एडिथ कधी या शाळेत, कधी त्या. एकाही शाळेत तिचा जीव रमला नाही. एवढं सगळं करूनही १८७१ मध्ये मेरी गेली. एडिथ तेव्हा तेरा वर्षांची होती.

त्यानंतर काही वर्षं हे कुटुंब केंट परगण्यातल्या हाल्स्टेड नावाच्या खेड्यात राहिलं. घराजवळून रेल्वेचा रूळ जात होता. एडिथ आणि तिचे दोन भाऊ शेतातून त्या रुळाकडे पळत. 'द रेल्वे चिल्ड्रन'चं मूळ तिथंच असावं, असं म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पुलगाव-आर्वीची छोटी गाडी आठवते ना, तसंच काहीसं. बालपणी पाहिलेली गाडी जन्मभर मनात धावत असते.

एकोणीस वर्षांची असताना तिची ओळख ह्यूबर्ट ब्लँड या तरुणाशी झाली. २२ एप्रिल १८८० रोजी दोघांनी लग्न केलं. लग्नाच्या वेळी एडिथ सात महिन्यांची गरोदर होती. त्या काळात ही केवढी लाजिरवाणी बाब समजली जायची, ते तुम्हाला सांगायला नको. जून महिन्यात पॉल जन्माला आला. ह्यूबर्टनं ब्रशचा धंदा मांडला होता. तेवढ्यात त्याला देवी आल्या. तो अंथरुणाला खिळलेला असताना भागीदारानं पैसे घेऊन पोबारा केला. मांडीवर तान्हं मूल, नवरा आजारी आणि घरात दमडी नाही. एडिथनं काय केलं असेल? शुभेच्छापत्रं हातानं रंगवून विकली. त्यावर छापायला चार-चार ओळींच्या कविता लिहून दिल्या. मासिकांना गोष्टी पाठवल्या. कार्यक्रमांमध्ये कविता म्हणून दाखवल्या. जे मिळेल ते काम केलं. हे वाचताना मला आपल्याकडच्या किती बाया आठवल्या! घरधन्याचा धंदा बुडाला की शिलाईचं मशीन पुढं ओढणाऱ्या, उन्हाळ्यात कुरड्या-पापड करून विकणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या. लंडन असो की आष्टी, घर सावरायची वेळ आली की बाई हातातलं येतं ते काम काढते.

ह्यूबर्ट पुढं चांगला पत्रकार झाला. नवरा-बायको दोघंही समाजवादी विचारांचे. १८८४ च्या जानेवारीत लंडनमध्ये फेबियन सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांमध्ये ही दोघं होती. गोरगरिबांचं जिणं सुधारावं, पण ते रक्तपात न करता, हळूहळू, कायद्यानं, असं या मंडळींचं मत. नाटककार बर्नार्ड शॉ लवकरच यात आले. पुढं भारतात येऊन १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या अ‍ॅनी बेझंटही १८८५ मध्ये सभासद झाल्या. त्याच वर्षी एडिथला मुलगा झाला. आपल्या संस्थेच्या नावावरून तिनं त्याचं नावही फेबियन ठेवलं. हे नाव लक्षात ठेवा.

एडिथनं केस कापून टाकले होते. कमरेला आवळणारे कपडे सोडून ती सैल झगे घालायची आणि सिगरेटही ओढायची. त्या काळात लोक तिच्याकडे वळून वळून पाहत. पण बाहेरून एवढी मोकळी दिसणारी ही बाई घरात मात्र फार सोसत होती. ह्यूबर्टचं बाहेर मन असायचं. लग्नाच्या आधीपासून त्याचे दुसऱ्या एका बाईशी संबंध होते आणि तिला त्याच्यापासून मूलही होतं. १८८६ मध्ये एडिथला मृत बाळ झालं. त्या दिवसांत तिची मैत्रीण अ‍ॅलिस हॉटसन मदतीला घरी राहायला आली. अ‍ॅलिस एका स्त्रियांच्या मासिकात काम करायची, तिथंच दोघींची मैत्री झालेली. त्याच वर्षी अ‍ॅलिसला मुलगी झाली. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून एडिथनं त्या मुलीला, रोझामंडला, आपलीच म्हणून पदरात घेतलं. मुलीचा बाप आपलाच नवरा आहे हे तिला नंतर कळलं. वाद झाले असतील, रडारड झाली असेल. पण तिनं रोझामंडला आपलीच म्हणून वाढवलं आणि अ‍ॅलिसही त्याच घरात राहिली. १८९९ मध्ये अ‍ॅलिसला ह्यूबर्टपासून दुसरं मूल झालं, जॉन. त्यालाही एडिथनंच आपलं नाव दिलं.

यावर तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, असं कशाला सहन करायचं? काही म्हणतील, बाई मोठ्या मनाची. मला विचाराल तर तिला देवीही करू नये आणि दुबळीही म्हणू नये. तिनं एक गोष्ट पक्की धरली होती. मोठ्यांच्या भानगडींची शिक्षा पोरांना होता कामा नये. तिच्या घरात कोणतं पोर कुणाच्या पोटचं, याचा हिशेब ताटात वाढताना झाला नाही.

तिच्या वागण्यात विसंगतीही होत्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. स्वतः कमावणारी, घर चालवणारी ही बाई, पण स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून इंग्लंडमध्ये चळवळ पेटली तेव्हा ती त्या बाजूला उभी राहिली नाही. नवऱ्याचं मत विरोधात होतं. कारण काहीही असो, ही गोष्ट मला खटकते.

लिहीत मात्र ती सतत होती. कविता, मोठ्यांच्या कादंबऱ्या, भुताच्या गोष्टी. खरं नाव मिळालं ते चाळिशी ओलांडल्यावर. १८९९ मध्ये 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' हे पुस्तक आलं. घरची परिस्थिती बिघडलेली, म्हणून पैसे मिळवायला निघालेली सहा भावंडं आणि त्यांच्या फजित्या. तोपर्यंत इंग्रजीतल्या मुलांच्या पुस्तकांत उपदेशाचा मारा फार असायचा. एडिथची मुलं खरी होती. ती भांडत, खोड्या करत, चांगलं करायला जात आणि घोटाळा करून ठेवत. पुस्तकावर ती ई. नेस्बिट एवढंच नाव छापायची. त्यामुळं हा कुणी पुरुष लेखक असावा असं पुष्कळांना वाटे. त्याच वर्षी लंडनजवळच्या एल्थम भागात 'वेल हॉल' नावाचं मोठं जुनं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. घराभोवती पाण्याचा खंदक, मोठी बाग, आणि आलं-गेलं माणूस कायम जेवायला. पैसा यायचा तसा खर्चही व्हायचा. पण इतक्या वर्षांच्या ओढाताणीनंतर दिवस बरे आले होते.

आणि अशा वेळी, १९०० च्या ऑक्टोबरमध्ये, फेबियन गेला.

तो पंधरा वर्षांचा होता. नाकाच्या मागं वाढलेल्या गाठी काढायचं लहानसं ऑपरेशन, तेव्हाच्या रीतीप्रमाणं घरीच करायचं ठरलं होतं. डॉक्टर येऊन उभे राहिले तेव्हा ऑपरेशन आज आहे हेच घरात कुणाच्या लक्षात नव्हतं आणि पोरगा बागेत खणत होता, असं तिच्या चरित्रात येतं. त्याला क्लोरोफॉर्म दिला, ऑपरेशन झालं, डॉक्टर निघून गेले. फेबियन पुन्हा जागा झालाच नाही. एडिथनं त्याच्या अंगाभोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. अंग गरम राहिलं तर पोरगा डोळे उघडेल, ही आईची आशा. त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही. तुम्ही आया आहात.

एका गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. एडिथची जादूची मोठी पुस्तकं सगळी या मृत्यूनंतरची आहेत. १९०२ मध्ये 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' आलं आणि ते तिनं छोट्या जॉनला, म्हणजे अ‍ॅलिसच्या लेकाला, अर्पण केलं. त्यात सॅमिअ‍ॅड नावाचा एक प्राणी आहे. वाळूत राहतो, अंग केसाळ, कान वटवाघळासारखे आणि डोळे गोगलगायीसारखे लांब दांड्यांवर. स्वभावानं चिडका, पण मागेल ते देणारा. मात्र मुलं जे जे मागतात ते त्यांच्या अंगाशी येतं. १९०४ मध्ये याच मुलांचं दुसरं पुस्तक आलं, आणि तिसरं म्हणजे आपली ताइताची गोष्ट. ती आधी 'स्ट्रँड मॅगझिन'मध्ये महिन्याच्या महिन्याला छापून आली. शेरलॉक होम्सच्या कथा ज्यात येत तेच हे मासिक. ही गोष्ट लिहिण्यासाठी एडिथ ब्रिटिश म्युझियममध्ये जायची. तिथले इजिप्त आणि बॅबिलोनचे जाणकार डॉ. वॉलिस बज यांनी तिला खूप माहिती दिली. पुस्तक तिनं त्यांनाच अर्पण केलं आहे.

आता गोष्ट थोडक्यात सांगते. सिरिल, अँथिया, रॉबर्ट आणि जेन ही चार भावंडं. वडील युद्धाच्या बातम्या द्यायला मांचुरियात गेलेले. आई आजारी, म्हणून ती धाकट्या बाळाला घेऊन दूरच्या बेटावर हवापालटाला गेलेली. मुलं लंडनमध्ये म्हाताऱ्या दाईच्या घरी राहतात. मायबाप जवळ नाहीत ही रुखरुख पहिल्या पानापासून आहे. त्यांना प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात पडलेला सॅमिअ‍ॅड सापडतो. ती त्याला सोडवून आणतात. त्याच्या सांगण्यावरून एका दुकानातून लाल दगडाचा अर्धा ताईत विकत घेतात. पूर्ण ताईत मिळाला तर मनातली इच्छा पुरी होणार. मुलांची इच्छा एकच, आई, बाबा आणि बाळ घरी यावेत. पण ताइताचा दुसरा अर्धा भाग आज जगात कुठंच नाही. तो भूतकाळातच शोधावा लागणार. मंत्र म्हटला की ताईत मोठा होऊन त्याची कमान होते, आणि कमानीतून पलीकडे गेलं की दुसरा काळ.

अशी ती आठ हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या खेड्यात जातात, बॅबिलोनला जातात, समुद्रात बुडणारी अटलांटिसची नगरी पाहतात. बॅबिलोनची राणी उलट त्यांच्याकडे लंडनला येते, ते प्रकरण तर हसून पुरेवाट करणारं आहे. पण हसता हसता चिमटाही आहे. लंडनच्या मजुरांचे उतरलेले चेहरे पाहून राणीला वाटतं, हे गुलाम आहेत आणि यांचे मालक यांना नीट पोसत नाहीत. हे गुलाम नसून स्वतंत्र नागरिक आहेत, मतदार आहेत, हे तिला पटवताना मुलांची पंचाईत होते. पुढं म्युझियमच्या काचेच्या पेटीत स्वतःचे दागिने पाहून ती ते परत मागते. आपल्या देशातून काय काय तिकडं गेलं हे ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना हे प्रकरण बरोबर कळतं.

एकदा मुलं भविष्यातल्या लंडनमध्येही जातात. तिथं हवा स्वच्छ, नदी स्वच्छ. बागेत बाया आणि पुरुष दोघंही तान्ह्या मुलांना खेळवत बसलेले. एक मुलगा रडत असतो, कारण कागद रस्त्यावर टाकला म्हणून त्याला एक दिवस शाळेत यायला बंदी केलेली असते. शाळा बुडाली म्हणून रडणारा मुलगा! मी हे सांगते तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना ते अटलांटिसपेक्षाही अशक्य वाटतं. बाळाला खेळवणारे बाप मात्र आता अधूनमधून दिसतात. १९०६ साली एका बाईनं ते भविष्य म्हणून लिहून ठेवलं होतं, हे आपल्या घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.

पण ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक सुचवते ते दहावं. मुलांना बागेत काळ्या कपड्यातली एक लहान मुलगी रडताना भेटते. तिचं नाव इमोजेन. आई-बाप मेलेले. आता तिला अनाथ-गरिबांच्या सरकारी घरात धाडणार आहेत. वरच्या मजल्यावर राहणारे विद्वान गृहस्थ सहज बोलून जातात, की हिला जिथं प्रेमानं घेतील असं घर मिळावं. सॅमिअ‍ॅड जवळच असतो, त्यामुळं इच्छा पुरी होते. कमान उघडते ती इसवी सनापूर्वी ५५ मधल्या ब्रिटनमध्ये. रान, झोपड्या, कातडी पांघरलेली माणसं. तिथं एक बाई आहे, जिची मुलगी गेलेली आहे. ती इमोजेनला पाहते आणि धावत येऊन उराशी धरते. तिला ती आपलीच लेक वाटते. आणि मुलीलाही ती आपली आईच वाटते. इमोजेन तिथंच राहते.

दोन हजार वर्षांच्या अंतरावरचं आईविना लेकरू आणि लेकराविना आई. लिहिणाऱ्या बाईचा पंधरा वर्षांचा मुलगा जाऊन पाच वर्षं झालेली होती. फेबियनला परत आणणारी कमान कुठं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं, स्वतःला जे मिळणार नव्हतं ते तिनं गोष्टीतल्या दुसऱ्या कुणा बाईला देऊन टाकलं. हा माझा अंदाज आहे, पण आई म्हणून मला तो खरा वाटतो. आणि रोझामंडला, जॉनला आपलं म्हणणारी बाईच असं लिहू शकते, की पोटचं की परकं हा प्रश्न त्या झोपडीतल्या बाईला पडलाच नाही.

एडिथचे पुढचे दिवस पुन्हा कठीण गेले. ह्यूबर्टची दृष्टी गेली. १९१४ च्या एप्रिलमध्ये तो वारला. पाठोपाठ महायुद्ध सुरू झालं आणि पुस्तकांची मिळकत आटली. १९१५ पासून सरकारनं तिला लहानसं मानधन दिलं. तरी तिला बागेतली फुलं, भाजीपाला विकावा लागला आणि घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवावे लागले. साठीच्या उंबरठ्यावर, १९१७ मध्ये, तिनं थॉमस टकर या बोटीवरच्या इंजिनियरशी लग्न केलं. साधा, हसतमुख, तिला जपणारा माणूस. उशिरा का होईना, सुख तिच्या वाट्याला आलं. १९२२ मध्ये मोठं घर सोडून दोघं समुद्राकाठी छोट्या घरात राहायला गेली. ४ मे १९२४ रोजी ती गेली. तिच्या कबरीवरचा लाकडी कठडा टकरनं आपल्या हातानं घडवला. 'वेल हॉल'चं घर आता नाही, पण ती बाग सार्वजनिक उद्यान म्हणून आहे. पुढं 'नार्निया'च्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईसला लहानपणी या ताइताच्या गोष्टीनंच प्राचीन काळाचं वेड लावलं, आणि 'हॅरी पॉटर'च्या लेखिकेनंही एडिथला आपल्या आवडत्या लेखिकांत गणलं आहे.

आता आपल्याकडचं. आमच्या आष्टीच्या नावाला शहीद हा शब्द जोडलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. माणसं तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेली. गोळीबार झाला, आपली माणसं पडली. संतापलेल्या जमावाच्या हातून पोलिसही मारले गेले. पुढं धरपकड झाली, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. इथल्या प्रत्येक मुलाला ही तारीख पाठ असते. ठाण्यावरच्या पोरांची भाषणंही पाठ असतात. पण ताइताची गोष्ट ऐकल्यावर मुलं वेगळेच प्रश्न विचारायला लागतात. त्या दिवशी घरी कोण होतं? आयांनी काय रांधलं होतं? नागपंचमीला आपण चुलीवर तवा ठेवत नाही, काही चिरत-कापत नाही. मग भुकेली पोरं काय खाऊन मोर्चात गेली? गेलेल्या पोलिसांच्या घरी कोण वाट पाहत होतं? मुलांनी असे प्रश्न विचारले की समजावं, त्यांना इतिहास कळायला लागला. एडिथची मुलंही कोणत्याही काळात गेली की आधी भाकरी कोण भाजतंय, लेकरं काय खेळतात हेच पाहतात.

पुस्तक कसं वाचायचं ते सांगते. पूर्ण १४ प्रकरणं आहेत. इंग्रजी शाळेतली सातवी-आठवीची मुलं थोड्या मदतीनं स्वतः वाचतील. बाकीच्यांसाठी तुम्ही एक प्रकरण वाचा आणि रात्री जेवणं झाल्यावर आपल्या भाषेत सांगा. मालिकेचा एक भाग बुडेल तेवढाच! पंधरवड्यात पुस्तक संपतं. आधीची दोन पुस्तकं वाचलेली नसली तरी अडत नाही. एडिथला जाऊन शंभर वर्षं होऊन गेली, त्यामुळं पुस्तकावर आता कुणाचा हक्क नाही. मूळ इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, ऐकायलाही मिळतं. त्या मोबाइलचा असा उपयोग करून घ्या.

एक सावधगिरी. पुस्तक १९०६ चं आहे. ज्यूंबद्दल त्यात चेष्टेचा, न शोभणारा सूर येतो. साहेबाच्या साम्राज्याचा तोराही कुठं कुठं डोकावतो. मूळ रोमचा सेनापती सीझर ब्रिटनवर स्वारी करतो तो या मुलांनी इंग्लंडची फुशारकी मारल्यामुळं, असंही एक गमतीदार वळण आहे. अशा जागा गाळू नका. थांबा आणि हे त्यावेळी का चालत होतं, आज का चालत नाही, यावर मुलांशी बोला.

आणि दहावं प्रकरण सांगायच्या आधी ते तुम्ही एकदा एकटीनं वाचून घ्या. नाहीतर मुलांसमोर आवाज कापरा होतो आणि पोरं विचारत बसतात, आई, तुला काय झालं?